काचेमागची वाद्यं आणि बाहेरची बाग : हॉर्निमनला आईला न्यावं का?

मंद्रसप्तक
मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही रेडिंगला राहतो. पुढच्या महिन्यात आई सांगलीहून येतेय. वय ७१, आयुष्यभर गाणं शिकवलं, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. लेक नऊ वर्षांची आहे. लंडनच्या दक्षिणेला फॉरेस्ट हिलला हॉर्निमन संग्रहालय आहे, तिथे वाद्यांचं मोठं दालन आहे आणि भोवती बागाच बागा आहेत, असं ऐकलं. म्हटलं दोघींचं जमेल, एकीला वाद्यं, एकीला मोकळं रान.

फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "मुकी वाद्यं काय बघायची? माणूस गेल्यावर त्याचे कपडे बघण्यासारखं आहे ते." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. खरंच, जे वाजणार नाही ते बघून काय मिळतं? कोणी गेलं असेल तर मनापासून सांगा. न्यावं का? आणि न्यायचं तर आधी बाग की आधी दालन?

टेकडीवरचा
मी तिथून वीस मिनिटांवर राहतो, महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. आधी कामाचं सांगतो.

लंडन ब्रिजहून फॉरेस्ट हिलला थेट गाडी आहे. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, पण सगळा चढ. आईंचे गुडघे म्हणताय तर स्टेशनाबाहेरून बस घ्या, १७६ किंवा १८५ दारातच सोडते. संग्रहालय सकाळी १० ते संध्याकाळी ५.३०, बाग त्याच्या बरीच आधी उघडते. संग्रहालय आणि बाग दोन्हींना प्रवेश फुकट. मत्स्यालय आणि फुलपाखरांचं घर यांना मात्र तिकीट आहे. निघण्याआधी संकेतस्थळ बघा, कारण प्राण्यांचं जुनं दालन मार्च २०२४ पासून दुरुस्तीसाठी बंद केलं होतं.

बाग सोळा एकरांची आहे आणि टेकडीच्या उतारावर आहे. सगळी फिरायच्या भानगडीत पडू नका. वर बँडस्टँडपाशी बसा, तिथून सेंट पॉलचा घुमट आणि शार्डचा उंच मनोरा दिसतात. तो बँडस्टँड १९१२ चा आहे.

घनवाद्य
न्याच.

पर्णिका
आधी बाग. याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पहिल्यांदा गेले तेव्हा उलट केलं, आधी दालन बघितलं. तेराशेच्या आसपास वाद्यं मांडलेली आहेत तिथे. तासाभरानं डोळ्यांना सगळी सारखीच दिसायला लागली. मग बागेत आले आणि लक्षात आलं की अरे, हे सगळं तर इथूनच आत गेलंय! तिथल्या बागा संग्रहालयातल्या वस्तूंशी सांगड घालून लावल्या आहेत. रंग देणारी झाडं, औषधी झाडं, आणि ज्यांच्यापासून माणूस वस्तू बनवतो ती झाडं असे वेगवेगळे वाफे. परत आत गेले तेव्हा मला वाद्यं दिसेचनात, झाडं दिसायला लागली.

आता हेच बघा. क्लॅरिनेट आणि ओबो या फुंकवाद्यांच्या तोंडाची थरथरणारी पत्ती ज्या नळापासून होते तो आपला देवनळ, अरुंडो डोनॅक्स. चांगल्या पत्तीचा नळ म्हणून दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागाचं नाव आहे. क्लॅरिनेटचं काळं लाकूड आफ्रिकेतलं, शिसवाच्या कुळातलं. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसची, पाठ मेपलची, गज ब्राझीलच्या पर्नांबुकोचा. म्हणजे एक वादक खांद्याला लावून उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात दोन खंडांची जंगलं असतात. बांबू, भोपळा, फणस, तून ही नावं तर आईंना मी सांगायला नकोत.

म्हणून माझा आग्रह, लेकीला आधी बागेत सोडा.

मुरलीधर_क
मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

बारा वर्षं बासरी वाजवतोय. मी त्या दालनात गेलो आणि अर्ध्या तासात बाहेर आलो. मला गुदमरल्यासारखं झालं. बासरी एक महिना नाही वाजवली तर तिचा आवाज बसतो, हे वाजवणारा प्रत्येक जण सांगेल. आणि इथे शंभर शंभर वर्षं कोणी फुंकर घातलेली नाही. आईंचं म्हणणं मला शब्दशः पटतं. वाद्य ही वस्तू नाहीच, ती वाजते तेवढा वेळच वाद्य असते. एरवी लाकूड.

या वाद्यांना निदान वर्षातून एकदा वाजवायला काय हरकत आहे? तज्ज्ञ बोलवा, चार भिंतींच्या आत वाजवा.

फुलवेल
मुरलीधरदादा +१. पण आमची धाकटी तिथल्या ध्वनिबागेतून हलेना. बाहेर मोकळ्यावर मोठाली वाद्यं बसवली आहेत, कोणीही यावं आणि ठोकावं. ती तिथून निघाली ती फक्त भूक लागली म्हणून.

जुनं_लाकूड
मुरलीधर, तुमची तगमग कळते, कारण मीही एकेकाळी हेच म्हणायचो. मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करतो (हॉर्निमनमध्ये नाही, दुसरीकडे). का वाजवू देत नाहीत ते सांगतो.

लाकूड झाड तोडल्यावरही हवेतली ओल पीत आणि सोडत राहतं. दोनशे वर्षांपूर्वीची बॉक्सवुडची बासरी घ्या. तिच्या आतल्या पोकळीत तुम्ही ऊबदार, ओलसर श्वास सोडता. आतला थर ओल घेऊन फुगतो, बाहेरचा कोरडाच असतो. आतून ताण येतो आणि एक बारीक चीर पडते. नवी बासरी रोज थोडी थोडी वाजवून सरावते, जुनी आणि सुकलेली सरावत नाही, ती तडकते. आणि एकदा तडकली की तिच्या पोकळीचं माप बदलतं. तो मूळ कारागिराचा आवाज कायमचा गेला.

तंतुवाद्यांचं दुखणं वेगळं, तिथे ताण. आधुनिक ग्रँड पियानोच्या सगळ्या तारा मिळून १८ ते २० टनांचा ताण ओढतात, म्हणून त्याला लोखंडी चौकट लागते. कळफलकाच्या जुन्या वाद्यांना ती नव्हती, नुसतं लाकूड. ते स्वरात लावून ठेवलं तर पेटी हळूहळू वाकडी होते. म्हणून संग्रहालयात तारा उतरवलेल्या दिसतात. त्या उपेक्षेनं सैल नाहीत, काळजीनं सैल आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न, मग ठेवायचंच कशाला? मोजायला. एखादी चांगली प्रत बनवायची तर मूळ वाद्याची पोकळी कुठे किती निमुळती होते, भोकं कशी खालून कोरली आहेत, हे मिलिमीटरच्या भागांत मोजावं लागतं. मूळ वाद्य मुकं राहतं, पण त्याच्या मापावर बनलेली दहा वाद्यं जगभर वाजत असतात.

ठेका
वा! याच मुद्द्यावर डोल्मेच यांची गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती हॉर्निमनशी जोडलेलीही आहे.

अर्नल्ड डोल्मेच हे इंग्लंडमध्ये जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवायचा ध्यास घेतलेले गृहस्थ. त्यांच्याकडे ब्रेसाँ नावाच्या कारागिराची अठराव्या शतकातली एक रेकॉर्डर होती. (रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारखं तोंड असलेली उभी बासरी, इथल्या शाळांत मुलं शिकतात ती.) १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर ती ठेवलेली पिशवी हरवली. घरात सुतक पडल्यासारखं झालं असणार. पण त्यांनी त्या बासरीची मापं आधी घेऊन ठेवली होती. त्यावरून ते स्वतः बनवायला बसले, आणि त्यातून विसाव्या शतकात रेकॉर्डरचं पुनरुज्जीवन झालं. आज जगभर जी मुलं ती फुंकतात त्यांच्या मागे ही हरवलेली पिशवी आहे.

डोल्मेच यांचा वाद्यसंग्रह आता हॉर्निमनमध्येच आहे. तेव्हा मुरलीधर, त्या काचेपाशी अर्धा तास जास्त थांबायला हवं होतंत तुम्ही :)

मुरलीधर_क
ही गोष्ट मला माहीत नव्हती. खरंच थांबायला हवं होतं.

जुनं_लाकूड, तुमचं चिरेबद्दलचं म्हणणं मान्य. माझीच एक बासरी इथल्या पहिल्या हिवाळ्यात हीटरशेजारी ठेवल्यामुळे उभी फाटली होती. तरीही सांगतो, मापावरून बनवलेली प्रत ही मूळ वाद्याची गायकी नसते. लाकडाचा तो तुकडा, तो हात पुन्हा येत नाही.

शब्दवेध
वर्गीकरणाचं कोणीच बोललं नाही अजून! मराठी माणसानं त्या दालनात गेल्यावर बघायची ती गोष्ट हीच.

दालनाच्या एका भागात वाद्यं देशानुसार नाहीत, आवाज कसा निर्माण होतो त्यानुसार लावली आहेत. स्वतःच खणखणणारी, ताणलेल्या चामड्याची, तारेची, हवेची. ही १९१४ ची होर्नबोस्टेल आणि झाक्स या संशोधकांची पद्धत, जगभरची संग्रहालयं तीच वापरतात. आता भरताच्या नाट्यशास्त्रातले चार प्रकार आठवा : घन, अवनद्ध, तत, सुषिर. ओळख पटली?

हा योगायोग नाही. १८७६ मध्ये कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन ठाकुरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत आली. तिथले व्हिक्टर माइयों यांनी १८८० मध्ये सूची छापली आणि त्यात वाद्यांचे चार वर्ग केले, ते याच धर्तीवर. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी पुढे त्यांचंच काम विस्तारलं. आईंना हे तिथे उभं राहून सांगा, बघा चेहरा.

घनवाद्य
माझं नाव सार्थकी लागलं :)

अनुष्टुभ
शब्दवेध, माहिती सुंदर. एक छोटी पुस्ती. होर्नबोस्टेल-झाक्स म्हणजे भरताची नक्कल, असं कोणी इथून उचलून पुढे पाठवू नये म्हणून लिहितो. त्यांनी चार वर्गांच्या पोटात दशांश पद्धतीनं शेकडो पोटवर्ग पाडले, कुठल्याही देशाचं वाद्य बसेल असे. मुळाशी चार खांब आपल्याकडचे, वरचं घर त्यांचं. दोन्ही गोष्टींचा आनंद एकदम घेता येतो.

शब्दवेध
अगदी मान्य. चार खांब हा शब्द आवडला.

सरिता_पै
मला वेगळंच खुपतं. एवढ्या वस्तू आल्या कुठून? फ्रेडरिक हॉर्निमन चहाचे व्यापारी. वडिलांनी १८२६ मध्ये चहाचा धंदा काढला, बंद पुड्यांतून चहा विकायला सुरुवात केली. त्या पैशावर यांनी जगभरच्या वस्तू जमवल्या. चहा कुणाच्या मळ्यांत, कुणाच्या घामावर पिकला, ते आपल्याला माहीत आहे. त्या दालनात मला सारखं ते आठवत राहतं, आणि मुलांना घेऊन गेलं तर तेही सांगावं असं मला वाटतं.

टेकडीवरचा
सरिताताई, सांगायलाच हवं. दुसरी बाजूही मांडतो. हॉर्निमननी १८९० पासून स्वतःचं राहतं घर लोकांसाठी उघडलं. मग वास्तुरचनाकार टाउनसेंडकडून ही इमारत बांधून घेतली आणि १९०१ मध्ये इमारत, वस्तू, बाग सगळं लंडनच्या लोकांना देऊन टाकलं. म्हणून आजही प्रवेश फुकट आहे.

आणि अलीकडचं म्हणाल तर २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनी बेनिनच्या (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेनं लुटलेल्या होत्या त्या. पितळी फलक, पितळी कोंबडा, राजवाड्याची किल्ली. मी त्या बऱ्याच वेळा पाहिल्या होत्या. गेल्या याचं वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं.

सरिता_पै
हे मला माहीत होतं, तरी लिहिल्याबद्दल आभार. दान केलं म्हणून कमावण्याचा प्रश्न मिटत नाही, एवढंच माझं म्हणणं. पण परत देणं ही मोठी गोष्ट आहे, ते मान्य.

फुलवेल
वॉलरसबद्दल कोणी लिहिलंच नाही!! प्राण्यांच्या दालनात एक अगडबंब वॉलरस आहे. हडसन उपसागरातून आलेला. पेंढा भरणाऱ्यानं कधी जिवंत वॉलरस पाहिला नव्हता, त्याच्या कातडीला सुरकुत्या असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो सगळ्या वळ्या ताणून निघेपर्यंत भरतच गेला. १८८६ च्या प्रदर्शनातही तो होता म्हणे. आमच्या घरी आता जास्त जेवलेल्या माणसाला वॉलरस म्हणतात.

ठेका
आता गंमत बघा. त्या बिचाऱ्याला वॉलरस कसा दिसतो माहीत नव्हतं म्हणून चुकला. ज्यानं तानपुरा कधी ऐकला नाही त्याला काचेमागचा तानपुरा असाच फुगवलेला दिसत असेल का? मुरलीधरचा मुद्दा मला आत्ता कळला.

पर्णिका
ठेका, छान जोडलंत. पण त्यावर उपाय आहे तिथे. दालनात ऐकायची मेजं आहेत. वाद्य निवडायचं, त्याचा आवाज ऐकायचा, मग समोर काचेत ते शोधायचं. मुलांना हा खेळ आवडतो. ऐकण्याच्या जागी जरा धीर धरावा लागतो इतकंच, कारण शाळेच्या सहली असतात. शक्यतो दुपारी उशिरा जा.

आणखी एक, झाडांच्या काळजीचं. क्लॅरिनेटचं काळं लाकूड किंवा शिसवाची जात असलेल्या वस्तू सीमेपलीकडे न्यायला २०१७ पासून परवाना लागू लागला, कारण शिसवाची चोरटी तोड भयंकर वाढली होती. वादक हवालदिल झाले. एक वाद्यवृंद दौऱ्यावर जायचा तर कागदांची चळत. २०१९ च्या अखेरीला तयार वाद्यांना सूट मिळाली. पर्नांबुको तर त्याआधीच, २००७ पासून, व्यापारावर निर्बंध असलेल्या झाडांच्या यादीत आहे. व्हायोलिनच्या गजासाठी दोनशे वर्षं हे एकच झाड नावाजलेलं, आणि ते ब्राझीलच्या किनारपट्टीच्या जंगलातून संपत चाललंय. मला दालनात ते जुने गज बघताना आधी झाडच आठवतं.

आणि बॉक्सवुड! जुनं_लाकूड यांनी ज्याचं नाव घेतलं त्याचीच छाटलेली कुंपणं इथे बागाबागांत असायची. गेल्या काही वर्षांत एका पतंगाच्या अळ्यांनी लंडनमधली ती कुंपणं खाऊन टाकली. माझ्या दारातलं झुडूप एका आठवड्यात वाळलं.

दूरचा_प्रवासी
प्रश्न : याला वनस्पतिउद्यान म्हणावं का? लंडनच्या क्यू या मोठ्या वनस्पतिउद्यानाला जाऊन आलेल्या माणसाला इथे काय विशेष?

पर्णिका
क्यूसारखं शास्त्रीय उद्यान नाही हे, बरोबर. क्यू झाडांसाठी आहे, इथली झाडं माणसाची गोष्ट सांगण्यासाठी आहेत. पण २०१८ मध्ये शेफील्डच्या जेम्स हिचमो या उद्यानतज्ज्ञांनी केलेली गवताळ बाग बघा, उत्तर अमेरिकेच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या माळावरची झाडं एकत्र. ऑगस्टात बघण्यासारखी असते. शिवाय १८९४ चं काचघर. ते हॉर्निमन कुटुंबाच्या क्रॉयडनच्या घराला जोडलेलं होतं, १९८० च्या दशकात सोडवून इथे आणून पुन्हा उभं केलं. पांढऱ्या लोखंडाची नाजूक जाळी आहे.

टेकडीवरचा
आणि बागेच्या कडेनं एक निसर्गवाट आहे, ती जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. क्रिस्टल पॅलेसकडे जाणारा फाटा होता, १९५४ मध्ये बंद झाला, आता तिथे झाडी आणि पाखरं. पण आईंना नका नेऊ, उतार आहे आणि चिखल होतो.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे खूप आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला शब्दवेध यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "चल तर." आल्यावर लिहीन.

मंद्रसप्तक
(पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, क्षमस्व.

पर्णिकाताईंचं ऐकलं, आधी बाग. पण पावसानं घात केला, बारीक बारीक लागून राहिला. काचघराच्या बाजूनं फिरलो, ज्या झाडांपासून वस्तू होतात तो वाफा बघितला. आई प्रत्येक पाटी वाचत होती. लेक ध्वनिबागेत. ती सुरुवातीला बेफाम ठोकत होती. आई तिच्यामागे गेली, हात धरला आणि म्हणाली, "मारू नकोस, सोड. पडू दे हात." एकच आघात, मग तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पावसात पंधरा मिनिटं हा तास चालला. मागे दोन इंग्रज मुलं उभी होती, तीही तसंच करायला लागली.

मग दालन. मला वाटलं होतं की आपल्याकडची भोपळ्याची वाद्यं बघून आई थांबेल, हळवी होईल. तसं काही झालं नाही. एक नजर टाकली आणि "तारा उतरवल्यात, बरं केलं" म्हणून पुढे गेली. तिनं आयुष्यभर पाहिलेलंच ते.

ती थांबली दोन ठिकाणी. एक म्हणजे इजिप्तच्या हाडाच्या टाळ्या. इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमाराच्या, माणसाच्या हाताच्या आकाराच्या, बोटंसुद्धा कोरलेली. तिनं लेकीला बोलावून दाखवल्या. "बघ, हात दुखायला लागले म्हणून कोणीतरी हाताचेच हात केले. आपल्या चिपळ्या त्याच."

दुसरी जागा मला अजिबात अपेक्षित नव्हती. पितळी वाद्यं! बूझी अँड हॉक्स या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा संग्रह, तीनशेहून जास्त वाद्यं, २००४ मध्ये इथे आला. आईला ट्रम्पेट आणि हॉर्न यातला फरकही माहीत नाही. पण तिथे एकाच जातीची वाद्यं ओळीनं होती, प्रत्येकात नळी थोडी वेगळी वळवलेली, दट्ट्या वेगळ्या जागी. मी वाचून सांगत होतो की हे सगळे कारागीर मनातल्या एका आवाजामागे होते, म्हणून दर वेळी काहीतरी बदलून बघत होते. आईनं दोनदा ती ओळ इकडून तिकडे चालून बघितली. म्हणाली, "जवारी लावत होते रे हे सगळे."

मिरजेला तिचा तानपुरा ज्यांच्याकडे झाला, त्यांच्या समोर बसून तिनं लहानपणी जवारी लावताना, म्हणजे तार हवी तशी गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासताना, पाहिलं होतं. घोडीवर कानस फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, मान हलवायची, तार काढायची, पुन्हा कानस. दिवस दिवस. ते सगळं तिनं तिथे पितळी भोंग्यांसमोर उभं राहून आम्हाला सांगितलं. ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती.

जवळच ॲडम कार्स यांच्या संग्रहातली फुंकवाद्यं आहेत. त्यांनी १९४७ मध्ये साडेतीनशेच्या आसपास जुनी वाद्यं इथे दिली, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ. हे वाचल्यावर आई काही बोलली नाही, फक्त लेकीचा हात धरून राहिली.

परत येताना गाडीत विचारलं, "मग? कपडेच होते का?" म्हणाली, "मुकं ते मुकंच. ऐकू आलं असतं तर मी तिथून हललेच नसते." म्हणजे मुरलीधर, तुमचं मत तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

मुरलीधर_क
आईंना माझा नमस्कार सांगा. "जवारी लावत होते" वाचून मी उठून बसलो. मी त्याच ओळीपुढून सरळ चालत गेलो होतो. पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय, या वेळी मापाची पट्टी आणि वही घेऊन.

शब्दवेध
चार वर्गांचं काय झालं? सांगितलंत का आईंना?

मंद्रसप्तक
सांगायला गेलो तर तिनंच लेकीला कामाला लावलं होतं. एकेका काचेसमोर उभं करायचं आणि विचारायचं, "घन की सुषिर?" लेकीची फक्त एक चूक झाली. आफ्रिकेतली ती लोखंडी पट्ट्यांची, अंगठ्यांनी छेडायची पेटी तिनं तत म्हणून सांगितली. आई म्हणाली, तार कुठे आहे, पट्टीच वाजतेय ना, घन.

अनुष्टुभ
आणि होर्नबोस्टेल-झाक्समध्येही ती घन वर्गातच आहे. आजींना पैकीच्या पैकी.

टेकडीवरचा
पुढच्या वेळी मे महिन्यात आणा त्यांना. बँडस्टँडवर चहा माझ्याकडून, थर्मासमध्ये भरून आणेन.

मंद्रसप्तक
नक्की. जुनं_लाकूड, तुमच्यासाठी एक प्रश्न आईकडून. सांगलीच्या घरी वरच्या खोलीत तिचा दुसरा तानपुरा आहे, खुंटीला टांगलेला, सहा वर्षांत वाजवलेला नाही, तारा मात्र लावलेल्याच. तुमचं ताणाचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं तेव्हापासून तिला चैन नाही. पूर्ण उतरवाव्यात का?

जुनं_लाकूड
पूर्ण नको. एकदम सगळ्या सैल केल्या तर घोडी जागेवरून सरकते, आणि परत नेमकी तिथेच बसवणं हे जाणत्याचं काम. प्रत्येक तार थोडी थोडी, आळीपाळीनं, दोन-तीन सूर खाली आणा. भिंतीवरून काढा. बाहेरची भिंत असेल तर तिची ओल भोपळ्यात उतरते. गवसणी घालून आतल्या खोलीत आडवा ठेवा, भोपळ्याखाली मऊ उशी द्या. भोपळ्याला कुठे बारीक भुकटी पडलेली दिसते का बघा, दिसली तर कीड आहे, मग मात्र लगेच मिरजेला न्यायला हवा.

मंद्रसप्तक
आई शेजारीच बसली होती, मी वाचत असतानाच तिनं भावाला फोन लावला. तो आता शिडी घेऊन वर गेलाय. फोन चालूच आहे, आणि आई इथून एकेक तार उतरवून घेतेय : "आधी खर्ज. हळू. ऐकव मला."